तांबोळीसाहेबांची लाल रेघ

शिरूरला वस्तुसंग्रहालय होतं असं मी सांगितलं की पुण्याची माणसं भुवया उंचावतात, आणि त्याला स्वतंत्र नोंदणी विभाग होता असं सांगितलं की सरळ हसतात. हसू देत बापडी. विभाग होता, त्याला प्रमुख होते, आणि दारावर पाटीही होती. ती पाटी मीच रंगवली होती. 'विभाग'मधली वेलांटी मी दीर्घ काढली म्हणून प्रमुखांनी ती माझ्याकडून पुसून घेतली, आणि दुसऱ्यांदा बरोबर काढली तरी "बाई, जरा वाकडी वाटती" म्हणून परत पुसून घेतली.

प्रमुखांचं नाव हसन तांबोळी. गाव त्यांना हसनमामा म्हणायचं, मी तांबोळीसाहेब म्हणायची. मी तेव्हा घोडनदीच्या, म्हणजे शिरूरच्याच, शाळेत चित्रकला शिकवायची. सकाळची शाळा आटोपली की दुपारी संग्रहालयात जायचं, वस्तूंवर बारीक नंबर रंगवायचे आणि त्यांच्या खाली लावायच्या चिठ्ठ्या लिहायच्या, हे माझं काम. म्हणजे विभागात प्रमुख एक आणि मी एक. शिपाई गणपत होता, पण तो खालच्या चहावाल्याकडे जास्त असायचा.

संग्रहालय कसलं म्हणा! गावातल्या एका हौशी डॉक्टरांनी जन्मभर पसारा जमवला, आणि जाताना तो गावाला देऊन टाकला. गावानं कमिटी नेमली, कमिटीनं जुन्या जकातनाक्याच्या माडीवर तीन खोल्या दिल्या. तांब्याची नाणी, अडकित्ते, दौती, भिंगरीएवढ्यापासून घंगाळाएवढ्यापर्यंत दिवे, एक पोटफुगी मगर, तीही भुसा भरलेली. कुठली वस्तू कुठून आली याचा पत्ता डॉक्टरांनाच ठाऊक, आणि डॉक्टर तर गेलेले. मग कमिटीला कुणीतरी सुचवलं, दौंडच्या पार्सल ऑफिसातनं हसन तांबोळी नुकताच रिटायर होऊन गावी आलाय, त्याला बसवा.

त्यांनी अख्खी नोकरी दौंड जंक्शनात काढलेली. सबंध देशाचं सामान त्यांच्या हाताखालून गेलेलं. संग्रहालय आणि पार्सल ऑफिस यांत काही फरक असतो हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. नवी वस्तू आली की म्हणायचे, "बाई, आज तीन उतारू आलेत. दोन धडधाकट हायेत, एकाचा कान मोडलाय." कान मोडलेला उतारू म्हणजे पितळी घागर. वस्तू उचलायची ती दोन्ही हातांनी, बुडाला हात देऊन. मी एकदा समई वरून धरून उचलली तर असे कळवळले की मला वाटलं त्यांचाच कुणी कान पिरगाळला. नंबर घालायचा तो वस्तूच्या पाठीमागं, दिसेल न दिसेल असा. "माणसाच्या कपाळावर कुणी नाव लिव्हतं का?" असं त्यांचं म्हणणं.

आणि आवक रजिस्टर! काय सांगू त्या रजिस्टराचं कौतुक! लाल कापडी बांधणीचं, घरच्या पोथीसारखं रुमालात गुंडाळलेलं. बोलायचे ते असं घोडनदीचं, पण लिहायचे मात्र शुद्ध, टपोरं, मोडीच्या वळणाचं बाळबोध. नंबर, वस्तू, स्थिती, कुणी आणली, प्रकार. या रकान्यांच्या शेवटी त्यांनी स्वतःच्या डोक्यानं एक रकाना आखला होता, 'देणाऱ्याचे शब्द'. वस्तू देताना माणूस जे बोलेल ते जसंच्या तसं तिथं उतरवायचं. पार्सलावर पाठवणाऱ्याची सही असते, तशी ही. "वस्तू हरवत न्हाई बाई," ते म्हणायचे, "नोंद हरवती. मग वस्तू समोर असून आंधळी हुती."

या रकान्यानं भल्याभल्यांची गंमत केली. जवळच्या गावचे एक पाटील लवाजम्यासकट तलवार घेऊन आले. पणजोबांनी लढाईत गाजवलेली, वगैरे वगैरे. तांबोळीसाहेबांनी चष्मा वर केला, तलवार उन्हात धरली, बोट फिरवलं, वास घेतला. वास! आणि पाटलांच्या समोर नोंद लिहिली. वस्तू: तलवार, एक. देणाऱ्याचे शब्द: 'पणजोबांनी शत्रूची मुंडकी उडवली.' स्थिती: 'कडबा तोडल्याच्या खुणा. ताज्या.' पाटील लालबुंद झाले. तांबोळीसाहेब रागावले किंवा समोरचा रागावला की एकदम अदबशीर व्हायचे. म्हणाले, "हुजूर, तुमचं बोलनं तुमच्या रकान्यात हाय, तलवारीचं तलवारीच्या. भांडन कुठं हाय?" पाटलांनी तलवार ठेवली आणि जाताना हसतही गेले, हे विशेष.

कमिटीच्या अध्यक्षांची गंमत तर त्याहून वरची. अध्यक्ष म्हणजे गावातले एक मोठे वकील. सगळे त्यांना वकीलसाहेबच म्हणत. माणूस वाईट नव्हता, फक्त आपलं नाव कुठं छापून येतंय का याकडे एक डोळा कायम. त्यांनी आपली वेताची खुर्ची विणायला द्यायची म्हणून गणपतच्या हाती माडीवर पाठवली, कारण विणणारा संध्याकाळी तिथं येणार होता. गणपतनं ती नोंदणी विभागात टेकवली आणि 'वकीलसाहेबांनी दिली' एवढं बोलून चहाला पळाला. दुसऱ्या दिवशी कमिटीची बैठक. वकीलसाहेब बसायला जातात तो खुर्चीच्या पाठीमागं माझ्या हातचा पांढरा नंबर!

"तांबोळी, ही माझी खुर्ची आहे."

"व्हती, साहेब. आता नोंद झाली. आता बसता येनार न्हाई."

"अहो, पण मी दिली नाही!"

"देणाऱ्याचे शब्द हायेत की. 'वकीलसाहेबांनी दिली.' गणपतचे."

बैठक झाली. वकीलसाहेब उभ्यानं बोलले, म्हणून पहिल्यांदाच लवकर संपली. खुर्ची मात्र परत गेली नाही ती नाहीच. तांबोळीसाहेबांच्या आवक रजिस्टरात एकही खाडाखोड नव्हती, आणि शेजारचं जावक रजिस्टर पहिल्या पानापासून कोरं होतं. या दोन गोष्टींचा त्यांना इतका अभिमान, की पाहुणा आला की आधी मगर दाखवायचे आणि मग कोरं रजिस्टर. वकीलसाहेबांनी खुर्चीचा राग धरला नाही, पण विसरलेही नाहीत.

आता हिराबाईंचं सांगते, कारण तिथंच सगळं घडलं.

दिवाळी होऊन गेलेली. मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे धनगरांचे दिवस. एका दुपारी जिन्यावर दणदण पावलं वाजली आणि एक उंच, काळीसावळी बाई वर आली, कपाळ मोकळं. मागं तिचा तरणा मुलगा, डोक्यावर भला थोरला ढोल. हिराबाई तिचं नाव. नवरा गेल्याच वर्षी गेलेला. आणि ढोल तर काय सांगू! अखंड खोडातनं कोरलेला, हात फिरवून फिरवून काळाभोर झालेला. तांबोळीसाहेब उभेच राहिले. इतका सुंदर उतारू त्या माडीवर कधी चढला नव्हता.

"मामा, ह्यो आमचा ढोल ठेवा," हिराबाई म्हणाली.

तेवढ्यात पोराला काय हुक्की आली! "आवाज तर बगा मामा," म्हणत त्यानं त्या बंद खोलीत टिपरू हाणलं. अरे देवा! खिडक्यांची तावदानं थरथरली, मगरीच्या पोटातनं भुसा सांडला, खाली गणपतच्या हातची कपबशी फुटली. घुमारा चालूच, हिराबाईचे ओठ हलताहेत, आणि तांबोळीसाहेब खुळ्यासारखे हसत मान डोलावताहेत. आवाज विरला तेव्हा त्यांनी टाक दौतीत बुडवला होता.

"दिला न्हवं?"

"दिला की मामा. तुमच्या हवाली."

देणाऱ्याचे शब्द: 'ठेवा.' प्रकार: देणगी. तिनं अंगठा उठवला आणि मायलेक गेली. तांबोळीसाहेबांनी मला तो शब्द वाचून दाखवला. "बगा बाई, अंगठा उठवनारी बाई, पन शब्द कसा नेमका! ठेवा! पूर्वजांचा ठेवा!" मी चिठ्ठीवर तोच शब्द ठळक लिहिला, खाली वेलबुट्टीसुद्धा काढली.

उन्हाळ्याच्या तोंडाला मुंबईच्या एका मोठ्या संग्रहालयाचं पत्र आलं. त्यांना खेड्यापाड्यांतली वाद्यं हवी होती, कायमची, आणि देणाऱ्या संस्थेचं आणि अध्यक्षांचं नाव काचेवर लागणार होतं. वकीलसाहेबांची झोप उडाली. कमिटीनं ठराव केला. तांबोळीसाहेबांचं कोरं जावक रजिस्टर पहिल्यांदा बाटणार होतं. त्यांनी चार दिवस कुरकुर केली, आणि मग स्वतःच ढोल पेंढ्यात गुंडाळून, गोणपाटात शिवून दौंडला नेऊन बुक केला. "माझं बाळंतपन मीच करतो," म्हणाले. नग मोठा, म्हणून दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या गाडीला चढणार होता.

आणि त्या दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेला सुट्टी म्हणून मी लवकर आलेली, तर जिन्यावर पुन्हा तीच दणदण पावलं.

"मामा, द्या आमचा ढोल. आठ दिसांवर बिरोबाची जत्रा आली."

तांबोळीसाहेबांचा हात रुमालाच्या गाठीवर तसाच थांबला. म्हणाले, "हिराबाई, तुम्ही तो दिला व्हता."

"ठेवाया दिला व्हता की! कोकणात न्ह्यायला आवंदा घोडं न्हाई, घोडं मेलं, माघारी येस्तवर ठेवा म्हनलं न्हवं का मी?"

रजिस्टर उघडलं. तांबोळीसाहेबांनी बोट ठेवून तिला वाचून दाखवलं, 'ठेवा.'

"मंग?" हिराबाई म्हणाली. "ठेवा म्हंजी ठेवा. घ्या म्हनले का मी?"

मला तर हसावं का रडावं कळेना. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसू पळालंच. ती सांगायला लागली. जत्रेत पहिला ढोल वाजवायचा मान तिच्या घराचा. नवरा होता तोवर प्रश्न नव्हता. आता चुलत दीर टपून बसलेत. घरचा ढोल उभा राहिला नाही तर मान त्यांच्याकडे जाणार, आणि एकदा गेला की पोराला, नातवाला, कुणालाच माघारी मिळणार नाही. "मेंढरं गेली तर परत हुत्यात मामा. मान न्हाई हुत."

आवाज ऐकून वकीलसाहेब शेजारच्या खोलीतनं आले. त्यांना सगळं समजायला दोन मिनिटं लागली, आणि निकाल द्यायला अर्धं.

"अंगठा आहे?"

"हाय."

"प्रकारात काय लिहिलंय?"

"देणगी."

"झालं तर मग. तांबोळी, माझी खुर्ची नाही सोडलीत तुम्ही, आता ढोल सोडणार? नोंद म्हणजे नोंद, हे वाक्य कुणाचं?"

बिनतोड होतं हो! तांबोळीसाहेब माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही व्हता. काय ऐकलं तुम्ही?"

"ढोल ऐकला," मी म्हटलं.

"मी बी ढोलच ऐकला," ते म्हणाले, आणि हसले, पण ते हसणं मला बघवलं नाही. मग म्हणाले, "लाल शाई द्या बाई तुमची."

त्यांच्या टेबलावर लाल शाई नव्हती, कधी लागलीच नव्हती. मी पिशवीतनं काढून दिली. वकीलसाहेबांनी हात आडवा केला. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "तांबोळी, एक नोंद चुकली म्हणालात की बाकीच्या सगळ्या संशयात येतात. मी मुंबईला शब्द दिलाय. ही रेघ मारलीत तर हे रजिस्टर पुन्हा तुमच्या हातात राहणार नाही. विचार करा."

विचार त्यांनी केला. मी बघत होते ना. ते रजिस्टर म्हणजे त्यांचं म्हातारपण होतं. बायको नव्हती, मुलगी दौंडला दिलेली. सकाळी डबा घेऊन माडीवर यायचं आणि दिवेलागणीला गाठ मारून घरी जायचं, एवढंच त्यांचं आयुष्य उरलेलं. त्यांनी पट्टी ठेवली आणि 'देणगी' या शब्दावर एक सरळ लाल रेघ ओढली. खालचा शब्द वाचता येईल अशी, बारीक. "झाकायचं न्हाई," मला म्हणाले, "काय चुकलं ते दिसलं पायजे." आणि शेजारी लिहिलं: 'देणगी नव्हे, ठेव. चूक नोंदणाऱ्याची. हिराबाईंचे वाक्य अर्धेच ऐकले.' खाली सही. मग वकीलसाहेबांकडे बघून म्हणाले, "हुजूर, रजिस्टर उद्या ताब्यात देतो. आज जरा दौंडला जायचंय."

आम्ही चौघं निघालो, तांबोळीसाहेब, मी, हिराबाई आणि तिच्याबरोबर आलेला पोरगा. मी कशाला गेले? साक्षीदार म्हणून, असं मी घरी सांगितलं. खरं म्हणजे मला राहवेना. दोन एस्ट्या बदलून, धूळ खात, हिराबाई सारखी "मामा, गाडी गेली आसंल का वो?" विचारतेय आणि तांबोळीसाहेब सारखं घड्याळ काढून "लेट असती ती, कायम लेट," म्हणताहेत.

लेट नव्हती! आम्ही दौंडच्या फलाटावर पोचलो तर गाडी उभी, पार्सलचा डबा उघडा, आणि हमाल नग चढवताहेत. पार्सलबाबू यांच्याच हाताखाली शिकलेला. तो यांना बघून आनंदला आणि म्हणणं ऐकून रडवेला झाला. "साहेब, चढलेला नग उतरवायचा म्हणजे... तुम्हीच शिकवलंय मला, अर्जाशिवाय नाही म्हणून!"

"मग अर्ज दे की! पाठवनारा मी, माघारी घेनार बी मीच." फलाटावरच्या बाकड्यावर त्यांनी तो अर्ज असा भरला की बाबूचं वाचून व्हायच्या आधी यांचं लिहून झालं. पण नग कुठला? त्याच डब्यात गोणपाटात शिवलेले गोल नग पाच-सहा होते, चिठ्ठ्या पार आतल्या बाजूला, आणि गार्ड हिरवं निशाण घेऊन निघालेला. तांबोळीसाहेब धोतर सावरून डब्यात चढले. आयुष्यभर दुसऱ्याला "हळू, बुडाला हात द्या" सांगणारा माणूस प्रत्येक गोणपाटावर मूठ हाणत सुटला. थप. थप. ठक. कसलंसं काचसामान, आई गं! आणि मग चौथ्या नगावर, धुम्म!

अख्खा फलाट वळून बघायला लागला. "ह्योच!" हिराबाई ओरडली.

ढोल एस्टीच्या टपावर घालून आम्ही परत आलो. जावक रजिस्टरात मुंबईची नोंद लिहायची राहिली होती, तिथं पहिल्या ओळीत त्यांनी लिहिलं, 'ढोल, एक. ज्याचा त्याला.' दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांनी आपला शब्द खरा केला. तांबोळीसाहेबांनी पार्सल ऑफिसाच्या पद्धतीनं चार्ज दिला, म्हणजे एकेक वस्तू दोन्ही हातांनी उचलून, दाखवून, सही घेऊन. मगरीपाशी येईतो वकीलसाहेबांचा राग ओसरला होता. "तांबोळी, राहा हो," असं ते हळूच म्हणालेसुद्धा. पण हे म्हणाले, "न्हाई साहेब. रेघ मारताना ठरलं व्हतं आपलं." मला त्या क्षणी दोघांचाही भयंकर राग आला. अहो, माणसानं इतकं काटेकोर असू नये!

जत्रेला हिराबाईचं बोलावणं होतं. माळावर बिरोबाचं ठाणं, उन्हं कलती, भंडाऱ्यानं माणसं पिवळी झालेली. चुलत दीर आपला ढोल घेऊन कडेला तयारीत उभे होते, ते हिचा ढोल पुढं आलेला बघून मुकाट्यानं मागं सरले. पोरानं टिपरू उचललं, तर हिराबाईनं त्याला थांबवलं. तांबोळीसाहेब गर्दीत पार मागं, अवघडून उभे होते. तिनं हाताला धरून त्यांना पुढं आणलं, ढोलापासून हातभर अंतरावर घोंगडीवर बसवलं आणि म्हणाली, "मामा, त्या रोजी अर्धं ऐकलंत. आज पुरं ऐका."

आणि पोरानं ढोल घातला. त्या माडीवरचा तो एक टोला काहीच नव्हता. माझ्या पायांखालची जमीन हलली. ढोलांमागून ढोल लागले, पोरं घुमायला लागली, कुणीतरी मूठ भरून भंडारा उधळला तो तांबोळीसाहेबांच्या डोक्यावर, दाढीवर, पांढऱ्या सदऱ्यावर पडला. त्यांनी तो झटकला नाही. ते मांडी घालून, डोळे मिटून, कानामागं हात धरून ऐकत होते.

मला शेवटची एस्टी गाठायची होती. निघताना मी त्यांना जवळ जाऊन हाक मारली, दोनदा मारली. तिसऱ्यांदा हात लावणार होते, पण हिराबाईनं मानेनंच नको म्हटलं. त्यानंतर ते मुलीकडे दौंडला राहायला गेले आणि आमची भेट झाली नाही. मी माळ उतरून सडकेला लागले तरी ढोल वाजतच होता. वळून बघितलं तेव्हा एवढ्या नाचणाऱ्या माणसांत एकच माणूस बसलेला दिसत होता, पिवळाधमक, हात अजून कानामागं.